बारेतांची किनाररेषा

फोनवरची मुलगी "आणखी एक" असं म्हणाली नसती, तर विन्काने तिला नेहमीसारखं हो-हो करून वाटेला लावलं असतं. बाबा गेल्यापासून चार महिने असे फोन येतच होते. नोंदवह्या कुठे आहेत, जुने फोटो देता का, स्मृतिअंकासाठी चार ओळी लिहाल का. पण आंतेआ बुल्यान, बाबांच्या जागी आता खणणारी तरुण पुरातत्त्वज्ञ, नावाआधी इकडचं 'शोरा', म्हणजे बाई, लावून म्हणाली, "शोरा विन्का, तुमच्या वडिलांच्या चरात आणखी एक नाणं मिळालं," आणि विन्काच्या हातातली लाल पेन्सिल सातवीच्या इतिहासाच्या मुद्रितावर, एका स्वल्पविरामाच्या शेपटीपाशी, थांबली. एक नाणं असणारच होतं. या किनाऱ्यावर जमीन उकरून जुनी गावं शोधणारी माणसं चर बुजवताना तळाशी त्या सालचं नाणं टाकतात, म्हणजे पन्नास-शंभर वर्षांनी पुन्हा खणणाऱ्याला कळावं, इथपर्यंत माणसाचा हात पोचला होता, याखालची माती कोरी आहे. लहानपणी बाबा तिला हे नाणं टाकायला द्यायचे. खिशातून काढायचे, साल बघायचे, तिच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, फेकायचं नाही हं, ठेवायचं. म्हणून एक नाणं ठीक होतं. आणखी एक ठीक नव्हतं.

"शहात्तर सालचं जागेवरच होतं," आंतेआ सांगत होती. तिच्यामागे वारा घोंगावत होता, ती स्लानात्सच्या खाडीवरूनच बोलत असावी. "पण त्याच्याखाली हातभर खोल पंचाहत्तरचं आहे. एक दिनार. जी माती त्यांनी पुस्तकात कधीच न हललेली म्हणून दाखवलीय ना, तिच्यात. आणि ती हललेली आहे. भुसभुशीत." विन्काने विचारलं, "म्हणजे काय?" आंतेआ म्हणाली, "म्हणजे त्यांनी तो चर शहात्तरमध्ये उघडला, पण त्याच्या आदल्या वर्षीच तिथे कुणीतरी खणून पुन्हा बुजवलं होतं. नाणं ठेवून. तुमच्याकडे पंचाहत्तरची नोंदवही असेल ना? शुक्रवारी अहवाल द्यायचाय मला. काही जण आत्ताच म्हणायला लागलेत की दगडच बनावट आहे." आणि मग घाईघाईने, "मी नाही म्हणत हं. मी त्यांचंच पुस्तक वाचून या कामात आले." विन्का म्हणाली, बघते. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की मुलीने आरोप केला नव्हता, नुसती आरोपाला बसायला खुर्ची आणून ठेवली होती.

दगड म्हणजे तो दगड. बाबांच्या आयुष्यात दुसरा नव्हता. कमरेएवढा उंच, वर गोलाई, पाच ओळी कोरलेल्या: दाल्मातिया प्रांताच्या अधिकाऱ्याच्या हुकुमावरून, इथून समुद्रापर्यंतची जमीन बंदराची. हद्दीचा दगड. हद्दीच्या दगडाचं सगळं मोल त्यावर काय लिहिलंय यात नसतं, तो कुठे उभा आहे यात असतं. 'इथून' या शब्दाला जागा सोडली तर दुसरा अर्थच नाही. स्लानात्सच्या पश्चिमेच्या माळावर लोव्रे बारेतांना, म्हणजे बाबांना, तो सापडला म्हणून रोमन काळातलं बंदर पश्चिमेला होतं असं ठरलं, समुद्र त्या काळी कुठवर येत होता ते ठरलं, आणि नकाशावर एक तुटक निळी रेघ आली. तिला लोक बारेतांची किनाररेषा म्हणतात. विन्काच्या टेबलावरच्या सातवीच्या पुस्तकातही, अठ्ठेचाळिसाव्या पानावर, ती होती. गेल्या वीस वर्षांत हे पुस्तक चार वेळा तिच्या हाताखालून गेलं होतं आणि त्या पानाशी दर वेळी ती जरा जास्त रेंगाळली होती. आज तिने पान उलटलं नाही. लवकर निघते, डोकं दुखतंय, असं सांगून ती बाहेर पडली. कुणी कारण विचारलं नाही. युगो वाहत होता. दक्षिणेकडून येणारा हा दमट, कोमट वारा तीन दिवस स्प्लितवर बसला की सगळ्या गावाचं डोकं दुखतं, दारं फुगतात, नवरा-बायकोत बोलणं होत नाही. जुन्या काळी युगो असताना कायदे करत नसत म्हणे. त्या हवेत ठरवलेलं काहीच धड नसतं.

बंदरावरच्या रस्त्याने ती चालत राहिली. माणसं कॉफीच्या टेबलांवर दोन-दोन तास बसली होती, आणि तिला वाटलं की ती मध्येच बोलणं थांबवून आपल्याकडे बघतायत. तसं काही नव्हतं. पण बाबा गेल्यापासून तिला लोकांच्या चेहऱ्यांवर एक सौम्य, अदबशीर भाव दिसायचा, आणि आता तोच भाव त्यांना काहीतरी आधीपासून माहीत असल्यासारखा वाटायला लागला. दफनाच्या दिवशी येर्को, बाबांचा जुना मुकादम, खड्ड्याच्या कडेला सगळ्यांच्या मागे उभा होता आणि माती लोटायची वेळ आली तेव्हा मान वळवून गेला होता. तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला बघवत नाही. आता वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. खरं म्हणजे शंका नवी नव्हती. ती तिच्याजवळ दहा वर्षांची असल्यापासून होती. तिने ती इतकी नीट घडी घालून ठेवली होती की वर्षानुवर्षं तिला हात लावायची गरज पडली नव्हती.

घरी बाबांची खोली तशीच होती. नोंदवह्या सालवार, पाठीवर आकडे, सगळ्या एकाच दुकानातल्या, हिरव्या कापडी बांधणीच्या. पंचाहत्तरची उचलताना तिला चोरी करत असल्यासारखं झालं, आणि याचा राग आला. पानं फाटलेली नव्हती. शाई बदललेली नव्हती. खाडाखोड नाही. एखादा चांगला मुद्रितशोधक दोन वेळा वाचतो, एकदा काय लिहिलंय ते आणि एकदा काय लिहायला नको होतं ते. दुसऱ्या वाचनात तिला सापडलं. 'एप्रिल १३, रविवार. युगो. काम नाही.' एवढंच. बाबांच्या अक्षरात, नेहमीच्या उतरत्या रेषेत. तिने मागची पानं बघितली, पुढची बघितली, मग खाली जमिनीवर बसून चौसष्टपासून एकोणऐंशीपर्यंतच्या सगळ्या वह्या काढल्या. एकाही रविवारची नोंद नव्हती. रविवारी काम नसतंच, मग ते लिहील कोण? सोळा वर्षांत एकाच रविवारी त्या माणसाला वहीत लिहावंसं वाटलं की आज आपण काही केलं नाही.

तो रविवार तिला आठवत होता. तारीख नाही, वारा आठवत होता. आई जेवणानंतर डोक्याला ओला रुमाल बांधून पडली होती, आणि बाबा म्हणाले, चल, होडी बघून येऊ. त्यांची होडीच नव्हती. येर्कोच्या शेतीयंत्राला जोडलेल्या ट्रॉलीत बसून ती दोघं स्लानात्सला गेली, आणि तिला एका अर्ध्या बांधलेल्या घरात बसवलं होतं. भिंती होत्या, छप्पर नव्हतं, जमिनीच्या जागी वाळू होती. दोन लहान मुलगे तिच्याकडे टकमक बघत होते. वाळलेली अंजिरं दिली होती, पिठात घोळवलेली, तमालपत्राच्या वासाची. बाबा आणि येर्को कितीतरी वेळ नव्हते. आले तेव्हा बाबांच्या रविवारच्या पँटला गुडघ्यापर्यंत लाल माती होती, आणि त्या घरातली बाई, काळ्या कपड्यांतली, तरुण, पत्र्याच्या मगातून त्यांच्या हातांवर पाणी ओतत होती. ओतत होती आणि ते हात चोळत होते, आणि दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. आई कधी बाबांच्या हातांवर पाणी ओतत नसे. घरी आल्यावर आईने विचारलं, कशी होती होडी? बाबा म्हणाले, गळकी. आईला सांगू नको, असं ते विन्काला एका शब्दानेही म्हणाले नव्हते, आणि तिने एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. त्या न मागितलेल्या गप्प बसण्याने ती आपोआप त्यांच्या बाजूची झाली. पुढे पुस्तकांत अशा बापांविषयी तिने पुष्कळ वाचलं, आणि प्रत्येक वेळी तिला ते पाणी ओतणारे हात दिसले. दर एप्रिलमध्ये एका रविवारी बाबा एकटे कुठेतरी जायचे. आई गेल्यानंतरसुद्धा. तिने कधी विचारलं नाही. आणि आता जमिनीवर वह्या पसरून बसलेली असताना तिला स्वतःचीच शरम वाटली, कारण तिला उमगलं की ती मनातल्या मनात आशा करते आहे: ती बाईच असू दे. नाणं, माती, दगड नको. बाईच असू दे.

येर्को, तिच्या लहानपणापासूनचा बार्बा म्हणजे काका, वृद्धाश्रमाच्या जेवणघरात तिघांबरोबर पत्ते खेळत होता. ऐंशीचा झाला होता, पण आवाज अजून चराच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. "ये गं, लोव्रेच्या पोरी! बस. हे सगळे बदमाश आहेत, यांच्याकडे बघू नकोस. पत्ते येतात का तुला? नाही ना? बापाला पण येत नव्हते. हातात राजा आला की कान लाल व्हायचे त्याचे." बाकीचे हसले. विन्काला वाटलं, माझ्यासमोर तर ते कान कधी लाल झाले नाहीत. तिने विचारलं, "बार्बा, एकटं बोलता येईल?" त्याने पत्ते पालथे ठेवले, त्यावर चष्म्याचं घर ठेवलं, आणि "बघितलेत तर हात तोडीन" असं सोबत्यांना बजावून तो तिच्याबरोबर व्हरांड्यात आला. बसल्याबसल्या म्हणाला, "काल ती पोरगी येऊन गेली. खणणारी. मी बहिरा झालो. एवढा बहिरा झालो की ती बिचारी ओरडून ओरडून घसा बसवून गेली." विन्का हसली नाही. "पंचाहत्तरचं नाणं सापडलंय," ती म्हणाली. येर्कोने समुद्राकडे बघितलं. समुद्र करडा होता आणि काठाला कचरा आणून टाकत होता. "सापडायचंच की," तो म्हणाला, "ठेवलंय म्हटल्यावर."

त्याने सांगितलं तेव्हा ते इतकं सरळ होतं, की आधी तिला तेच खोटं वाटलं. दगड बनावट नव्हता. दगड अस्सल होता, सापडलाही होता, फक्त जिथे सापडला असं पुस्तकात आहे तिथे नाही. "ट्रॉलीत घातला. खाली गवताचे पेंढे, वर द्राक्षांच्या फवारणीचं पिंप. भर दुपारी, सगळं गाव जेवून लोळत असताना. सहाशे पावलं पश्चिमेला नेला, सरकारी माळावर. खड्डा काढला, आत ठेवला, बुजवला. पुढे दीड वर्ष वाट बघितली." "दीड वर्ष कशाला?" "माती बसायला. गवत यायला. तुझा बाप घाईचा माणूस नव्हता." त्या दीड वर्षाचा विन्काला घाव बसला. एका दुपारचं पाप समजू शकतं. पण दीड वर्ष हा माणूस रोज घरी येत होता, ब्लित्वाची पालेभाजी आणि बटाटे खात होता, तिचे गृहपाठ तपासत होता, आणि एका माळावर गवत किती वाढलं ते अधूनमधून बघून येत होता. "आणि नाणं?" ती म्हणाली. "ते का ठेवलं?" येर्को गुडघ्यावर थाप मारून हसला, पण डोळे हसले नाहीत. "तेच मी म्हटलं! म्हटलं, लोव्रे, डोकं फिरलंय का? चोर कधी पावती ठेवून जातो का? तर म्हणाला, येर्को, खड्डा खोटा असेल, बुजवणारा मीच आहे. आणि दगडाच्या बुडापासून हातभर आणखी खाली गेला, मुद्दाम, आमच्याच कुदळींना लागू नये म्हणून. नाणं ठेवलं. त्यावर चाळलेली माती." मग तो म्हणाला, "मला वाटतं त्याचे हात ऐकत नव्हते गं. इतक्या वर्षांची सवय. मेलेल्या माणसाचे डोळे मिटतात ना, तसं ते."

"दगड कुठून उचललात, बार्बा?" येर्को उठला. आतून त्याला पत्त्यांसाठी हाका येत होत्या. "ते मी नाही सांगणार. मी फक्त ट्रॉली चालवली. मांदाला विचार. स्लानात्सला, चर्चच्या खाली. आहे अजून. आपल्या सगळ्यांना पोचवून जाईल ती." आणि नाव ऐकताच विन्काच्या मनात पुन्हा पाणी ओतलं गेलं.

बस खाडीच्या कडेने जात होती आणि काचा आतून घामेजल्या होत्या. तिने आपल्या परीने हिशेब मांडून बघितला. काहीच सांगितलं नाही, तर शुक्रवारनंतर बाबा बनावट दगड करणारे ठरतील, आणि पुढची कित्येक वर्षं माणसं ते मिटक्या मारत सांगतील. सगळं सांगितलं, तर दगड अस्सल ठरेल, पण बाबांनी तो हलवला हे कायमचं लिहिलं जाईल. आणि बाबांच्या विद्येत दगड हलवणं म्हणजे साक्षीदाराची जीभ कापणं. दोन्हीकडून रेघ पुसली जाणारच होती. मग कशासाठी? एका बाईसाठी? ती बाई आता चौऱ्याऐंशीची असेल. विन्का स्वतः एकोणसाठची होती, आणि बसच्या काचेत दहा वर्षांच्या मुलीसारखी ओठ घट्ट मिटून बसली होती.

घराला आता दोन मजले होते, हिरव्या खिडक्या, आणि दारावर खोल्या भाड्याने असल्याची चार भाषांतली पाटी. मागच्या अंगणात खोदाईचं यंत्र घरघरत होतं. मांदा भिंतीलगतच्या बाकावर, मांडीवर परडी घेऊन, ब्लित्वाची पानं देठापासून मोडत होती. काळे कपडे अजून तेच. तिने विन्काकडे एकदाच बघितलं आणि म्हणाली, "कपाळ बापाचं आहे. बस. तू अंजिरं खाल्ली होतीस, सात. मी मोजली होती, पोरांसाठी ठेवलेली म्हणून." विन्का बसली. काय आणि कसं विचारायचं हे तिने बसमध्ये ठरवलं होतं, ते सगळं विसरली. मांदाच बोलली. "येर्कोचा फोन आला. म्हणाला, येतेय. म्हणजे तुला माहितीये."

नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हा मांदा चौतीस वर्षांची होती. दोन पोरं, बोळकांडीतली एक भाड्याची खोली, आणि सासऱ्याने नावावर करून दिलेला हा तुकडा. पुढच्या भिंती उभ्या झाल्या होत्या, मागच्या भिंतीचा पाया ती स्वतः खणत होती, कारखान्यातून सुटल्यावर, रोज दोन तास. तिसऱ्या आठवड्यात पहार दगडाला लागली. "अक्षरं बघितली आणि खाली बसले. वरच्या आळीत एकाच्या वाड्यात नुसता एक कोरीव तुकडा निघाला होता. सरकारी माणसं आली, दोरी बांधली, म्हणाली, पंधरा दिवस. त्याची पोरं त्या दोरीच्या बाहेर मोठी झाली. मी गोणपाट टाकलं त्यावर. सगळे असंच करायचे. निघालं की झाकायचं, वर टोमॅटो लावायचे. पण मला तर भिंत घालायची होती, आणि तो मध्येच उभा. फोडून टाक म्हणाले लोक. हातोडा आणला मी. मारवेना. कुणीतरी बसून लिहिलेलं होतं ना ते. मग तुझ्या बापाला गाठलं. त्याला म्हटलं, फोडते नाहीतर घेऊन जा, पण माझ्या दारात दोरी नको." तिने एक देठ टाकलं. "दोन दिवस विचार केला त्याने. मग आला. तो कम्युनिस्ट माणूस, माझ्या खोलीतल्या क्रुसावर हात ठेवून म्हणाला, मांदा, तू जिवंत असेपर्यंत तुझ्या परवानगीशिवाय नाही सांगणार कुणाला."

"आणि दर एप्रिलला यायचे," विन्का म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. मांदाने पहिल्यांदा हात थांबवले. "तू काय विचारायला आलीस ते कळतंय मला. तसलं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान दुसरं काही बोललो असतो. यायचा, कॉफी प्यायचा, आणि एकच प्रश्न. मांदा, आता सांगू का? मी म्हणायची, नको लोव्रे, पोरं लहान आहेत. पोरं मोठी झाली तर लढाई आली. लढाई संपली तर नवं राज्य, घराचे सगळे कागद पुन्हा करायचे. मग सुना. मग नातवंडं. नको म्हटलं की म्हणायचा, बरं. टोपी घालायचा आणि जायचा. गेल्या एप्रिललाही आला होता, काठी घेऊन, दोनदा बस बदलून."

बरं. विन्काला तो शब्द ऐकू आला, जसा ते म्हणायचे तसा, रकाराला जरा दाबून. त्यांना ती पहिल्यांदा चहूबाजूंनी बघत होती आणि तिला कुठेही पकडायला जागा मिळत नव्हती. ज्या नकाशाने त्यांना नाव दिलं, तो चूक आहे हे ठाऊक असलेला जगातला एकच जाणकार म्हणजे ते स्वतः. सभांमध्ये त्यांच्यासाठी टाळ्या वाजायच्या तेव्हा ते खाली बघायचे, आणि ती म्हणायची, बाबा किती नम्र आहेत. त्यांच्यावर तिने अर्धं शतक संशय घेतला होता, आणि तो खरा ठरला होता, फक्त भलत्याच जागी उभा होता. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी तिचं लक्ष यंत्राच्या आवाजाकडे गेलं, कारण तो बदलला होता. लोखंड मातीवर नाही, दगडावर घासत होतं.

ती उठून कोपऱ्यापर्यंत गेली. अंगणात लांबट खड्डा होता, पुरुषभर खोल. कुंपणाला चौकोनी दगड रचून ठेवलेले, एकाच मापाचे. मांदाचा नातू झ्वोने, चाळिशीकडे झुकलेला, उघडाबंब, यंत्रावरून ओरडला, "तेता, सांभाळून! कडा ढासळतात." "काय करताय?" "पोहायचा हौद. त्याशिवाय पाहुणे येत नाहीत आता. पण खाली नुसते धोंडे निघतायत हो, एकाला एक लागून, रांगच्या रांग. काढता काढता पाठ मोडली. भिंतीला वापरीन. हा बघा, याला तर भोक पण आहे, कुंडी होईल छान." त्याने दाखवलेला दगड खड्ड्याच्या कडेला होता. भोक हात जाईल एवढं, आणि एका बाजूने झिजून आतून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. विन्काने हात घातला. दोरी. कितीतरी वर्षं जहाजांची दोरी इथे एकाच बाजूला ओढली गेली होती. खड्ड्याच्या भिंतीत रांग पूर्वेकडे मातीत शिरत होती, अजून न तोडलेली. दोन दगडांच्या सांध्यात, ते जोडायला ओतलेल्या शिशाचा काळसर डाग. बाबा इथे दर वर्षी कॉफी प्यायला बसायचे. पायांखाली काय असणार हे त्यांना नेमकं ठाऊक असणार, आणि ते कॉफी पिऊन बरं म्हणायचे, कारण जमिनीखालचं जमिनीखाली सुरक्षित होतं. हौद त्यांनी हिशेबात धरला नव्हता.

ती परत बाकापाशी आली. "मांदा," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की ती तेता, म्हणजे मावशी, म्हणायला विसरली, "आता सांगू का?"

म्हातारीने वर बघितलं. त्या एका क्षणात तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि भीतीमागे दुसरंही काही, जणू तिला विन्काच्या जागी दुसरं कुणी दिसलं असावं. "नको," ती म्हणाली. "झ्वोनेने दोन्ही मजले गहाण टाकलेत या हौदापायी. दोरी बांधतील. मी मेल्यावर सांग. किती दिवस राहिलेत आता माझे." यंत्राचा फाळ पुन्हा घासला. काहीतरी सुटलं, आणि जड गडगडत खाली गेलं. "उद्यापर्यंत तिथे काही उरणार नाही," विन्का म्हणाली. "मग नाही तर नाही. एवढी वर्षं कुणाचं काय अडलं? शब्द आहे तुझ्या बापाचा."

होता. पण त्यांचा. तिने तो दिला नव्हता. तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिने फक्त दहाव्या वर्षी, न सांगता, तोंड मिटलं होतं. पर्समधून फोन काढताना तिचे हात अगदी स्थिर होते, आणि याचंच तिला भय वाटलं. झ्वोनेचं नाव पुढे कधी ऐकलं तर मान वर करता येणार नाही, हेही तिला त्याच स्थिरपणे कळत होतं. आंतेआने लगेच उचलला. विन्का नीट, वाक्य पूर्ण करून बोलली, जशी ती मुद्रणालयाशी बोलते. दगड अस्सल आहे. माझ्या वडिलांनी तो हलवला. मूळ जागा चर्चच्या खालचं घर, मागचं अंगण. बंदराची भिंत इथे आहे आणि या क्षणी ती फोडली जातेय. हो, मी इथेच उभी आहे. हो, हे लिहून घ्या, माझ्या नावाने. पलीकडे मुलगी धावायला लागली होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

विन्काने फोन बंद केला. यंत्र चालूच होतं, झ्वोनेला काही कळलं नव्हतं. मांदाने परडी बाकावर ठेवली, ती नेमकी विन्का बसली होती त्या जागेवर.

"तुझ्या बापाने हे केलं नसतं," ती म्हणाली.

"नाही," विन्का म्हणाली. "त्यांनी नसतं केलं."

मग ती अंगणात गेली आणि झ्वोनेला यंत्र थांबवायची खूण केली. त्याने हात कानाशी नेला, ऐकू येत नाही म्हणून. ती खड्ड्यात उतरली, रविवारच्या नव्हे, कचेरीच्या साध्या बुटांनी, आणि लाल मातीत घोट्यापर्यंत रुतून फाळाच्या पुढे, दगडांच्या रांगेला पाठ लावून उभी राहिली.